भीतीची आठवण मेंदूत बसते कशी? पूर, साप, भूकंप आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जुलै लागला, कोयना धरणातून किती क्युसेकनं पाणी सोडलं आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पातळी किती झाली याचे मेसेज फिरायला लागले की सांगलीत हे प्रश्न पण हमखास सुरू होतात. मी कॉलेजात बायोलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही, तरी गल्लीतली माणसं पकडून विचारतातच, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलंय. सलग वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि वाचा.

भीतीची आठवण मेंदूत नक्की कुठं असते?

एका जागी नसते, आणि निम्मा घोळ इथंच आहे. आपण म्हणतो "पुराची आठवण", पण मेंदूत ती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते. कानाच्या थोडं पुढच्या बाजूला, मेंदूत खोल, दोन्हीकडं एकेक छोटा भाग असतो, बदामाएवढा, त्याला अमिग्डला म्हणतात. "हे आलं की धोका" ही जोडी तिथं बसते. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस, तो कुठं, कधी, कोण होतं, काय झालं हे सांभाळतो. आवाज, वास, चित्र यांचे बारकावे वरच्या सालीत, म्हणजे कॉर्टेक्समध्ये. आणि कपाळामागं जो भाग आहे तो ब्रेक लावायचं काम करतो, त्याच्याकडं पुढं येतोच.

आमच्या गल्लीतल्या एक काकू आहेत, गावभागात त्यांचं माहेर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्या तिथंच अडकल्या होत्या. कोणत्या वारी पाणी जिन्यात शिरलं, बोट कधी आली, पिशवीत काय काय घेतलं होतं हे सगळं त्या शांतपणे सांगतात, चहा पीत पीत. हे हिप्पोकॅम्पसचं खातं. पण रात्री पत्र्यावर जोराचा पाऊस वाजला की त्याच काकू उठून बसतात, तळहाताला घाम, छातीत धडधड, आणि पाय फरशीवर टेकवून फरशी ओली आहे का बघतात. हे दुसरं खातं.

ही दोन खाती वेगळी आहेत हे कशावरून?

१९११ साली जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरनं एक गंमत केली, गंमत म्हणायची की आगाऊपणा ते तुम्ही ठरवा. त्याची एक पेशंट होती, तिला नवीन काही लक्षातच राहायचं नाही, रोज त्याला नव्यानं भेटायची. एकदा त्यानं हातात टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. पुढच्या वेळी बाईंना ना तो आठवला ना टाचणी, पण त्यानं हात पुढं केल्यावर तिनं आपला हात मागं घेतला, आणि का घेतला ते तिला नीट सांगता येईना.

मग १९९५ मध्ये अमेरिकेत हीच गोष्ट नीट मोजून बघितली. वेगवेगळ्या रंगांच्या स्लाइड दाखवायच्या आणि एका रंगाबरोबर मोठ्ठा भोंगा वाजवायचा. ज्या पेशंटचा अमिग्डला खराब होता त्यानं कोणत्या रंगाला भोंगा वाजतो ते बरोबर सांगितलं, पण तो रंग बघून त्याच्या हाताला घाम काही फुटला नाही. ज्याचा हिप्पोकॅम्पस खराब होता त्याला घाम फुटला पण काय झालं होतं ते आठवेना. दोन्ही खराब असलेल्याला ना घाम ना आठवण. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात स्वच्छ प्रयोग हाच.

म्हणूनच "अगं आता पाऊस थांबलाय, पातळी उतरतीय, कशाला घाबरतीस" असं समजावून उपयोग होत नाही. तुम्ही बोलताय एका खात्याशी आणि घाबरतंय दुसरंच.

बरं, मग ती बसते कशी? म्हणजे आत काय होतं?

जास्त अभ्यास उंदरांवर झालाय. एक आवाज ऐकवायचा, संपता संपता पायाला हलका शॉक द्यायचा. एकदोनदा असं झालं की पुढं नुसता आवाज आला तरी उंदीर जागच्या जागी गोठतो, हालचाल बंद. जोसेफ लेडू आणि इतरांनी १९८० नंतर याचा मार्ग शोधत शोधत अमिग्डलापर्यंत आणून सोडला.

अमिग्डलाच्या बाहेरच्या बाजूच्या पेशींवर दोन वायरी येतात, एक आवाजाची आणि एक शॉकची. आवाजाची वायर आधी कमजोर असते, तिच्यानं पेशी पेटत नाही, पण त्याच वेळी शॉकच्या वायरनं पेशी जोरात पेटली तर आवाजाच्या जोडावरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची छोटी दारं, उघडतात, त्यातून कॅल्शियम आत जातं, आत एन्झाइमांची साखळी सुरू होते, जोडावर जास्तीचे रिसेप्टर येऊन बसतात आणि पुढच्या वेळी तोच आवाज एकट्याच्या जिवावर पेशी पेटवतो. दोन पेशी एकत्र पेटल्या तर त्यांचा जोड घट्ट होतो ही कल्पना डोनाल्ड हेबनं १९४९ मध्येच मांडली होती, आणि असा जोड खरंच घट्ट होऊन टिकतो हे १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं.

हे झालं तात्पुरतं. टिकाऊ व्हायला पेशीत नवी प्रोटीन तयार व्हावी लागतात आणि त्याला काही तास जातात. शॉकनंतर लगेच प्रोटीन बनणं औषधानं थांबवलं तर उंदराला थोडा वेळ भीती राहते आणि दुसऱ्या दिवशी जवळपास गायब.

आणि मग अमिग्डलाच्या मधल्या भागातून ऑर्डरी सुटतात. हृदयाचे ठोके वाढव, बीपी वाढव, गोठ, श्वास जोरात घे. हातपाय गार पडतात, काळजाचा ठोका चुकतो, दातखीळ बसते, हे सगळं तिथून खाली.

पाढे पन्नासदा घोकले तरी विसरतो, आणि हे एकदाच घडलं तरी आयुष्यभर कसं राहतं?

कारण शरीर स्वतःच त्यावर शिक्का मारतं. घाबरलो की किडनीवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल सुटतं, मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढतं, आणि त्या परिस्थितीत अमिग्डला बाकीच्या मेंदूला "हे जपून ठेवा" म्हणून दामटतो. १९९४ चा एक प्रयोग आहे, काहिल आणि मॅगॉ यांचा. लोकांना स्लाइडसकट एका मुलाच्या अपघाताची गोष्ट सांगितली, त्याआधी काहींना प्रोप्रॅनोलॉल दिलं, म्हणजे बीपीची साधी गोळी, जी अ‍ॅड्रेनालिनचा परिणाम अडवते. आठवड्यानं विचारलं तेव्हा औषध नसलेली नुसती गोळी घेतलेल्यांना अपघाताचा भाग जास्त चांगला आठवत होता, प्रोप्रॅनोलॉलवाल्यांना तो फायदा मिळाला नव्हता.

पण भीती हाताबाहेर गेली की उलटं पण होतं. हिप्पोकॅम्पसला फार ताण झेपत नाही, त्यामुळं धसका पक्का बसतो पण काय आधी काय नंतर याचा क्रम विस्कटतो. पूरग्रस्तांना उलटसुलट सांगताना बघून "खोटं बोलतोय" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आधी दचकतो आणि मग कळतं कशाला, असं का होतं?

अंधारात दोरी बघून उडी मारतो आणि मग हसतो, तेच. बाहेरची खबर अमिग्डलाकडं दोन रस्त्यांनी जाते, एक आखूड पण ढोबळ, एक कॉर्टेक्समधून लांबचा पण बारकाईचा. उंदरात हे चांगलं दिसलंय. माणसाच्या डोळ्यांबाबत आखूड रस्ता किती महत्त्वाचा यावर शास्त्रज्ञांत अजून भांडणं आहेत, त्यामुळं "पळवाट सिद्ध झालीय" असं छातीठोक सांगणारे व्हिडिओ थोडे सबुरीनं घ्या.

पाण्याची भीती समजू शकतो, पण ओल्या मातीचा वास, बोटीच्या इंजिनाचा आवाज, एवढंच काय लाइट गेली तरी कसंतरी होतं. हे काय?

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितो, आजीला हे प्रयोगाशिवाय माहीत होतं. मेंदू धोक्याच्या वेळी आजूबाजूला जे जे होतं ते सगळं कमीजास्त धरून ठेवतो आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टींना पण तोच न्याय लावतो. १९२० मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी अमेरिकेत अल्बर्ट नावानं ओळखल्या जाणाऱ्या तान्ह्या पोरावर प्रयोग केला, पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागं लोखंडी दांड्यावर हातोडा मारायचा. पोरगं उंदराला घाबरायला लागलं, आणि मग सशाला, कुत्र्याला, फरच्या कोटाला पण. असला प्रयोग आज कोणी करायला देणार नाही आणि देऊ पण नये.

वासाचं जरा खास आहे. बाकीच्या इंद्रियांची खबर आधी थॅलॅमस नावाच्या जंक्शनवर उतरते, वास मात्र जंक्शन न घेता थेट अमिग्डलाच्या दारात जातो. उतरलेल्या पुराचा तो गाळ, कुजलेलं धान्य आणि फिनेलचा मिळून जो वास असतो ना, ज्यानं तो घेतलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

चारपाच वर्षं एकदम बरं होतं, मला वाटलं गेली भीती. परत कशी काय आली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर फार कमी जणांना माहीत असतं, म्हणून इथं जरा जास्त लिहितो.

भीती कमी होते तेव्हा जुनी आठवण पुसली जात नाही. उंदराला शॉक न देता तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला की तो गोठायचा थांबतो, याला एक्स्टिंक्शन म्हणतात, पण ते विसरणं नसतं, "आता हा आवाज धोक्याचा नाही" हे नवीन शिकणं असतं, जुन्याच्या शेजारी बसलेलं. हे नवीन शिक्षण कपाळामागच्या भागाच्या जोरावर चालतं, तो अमिग्डलाला दाबून धरतो. मिलाद आणि क्वर्क यांनी २००२ मध्ये दाखवलं की एक्स्टिंक्शन झालेल्या उंदरात दुसऱ्या दिवशी तो आवाज आला की तिथल्या पेशी जागृत होतात, आणि ज्या उंदरात जास्त जागृत होतात तो कमी गोठतो.

आता अडचण अशी की जुनी आठवण फार पक्की आणि नवीन फार नाजूक. नुसता वेळ गेला तरी नवीन शिक्षण झिजतं आणि भीती वर येते, असंच जुनं शिकलेलं परत वर येतं हे पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानं, खुणेवर लाळ गाळायला शिकवलेल्या कुत्र्यांत, शंभर वर्षांपूर्वी नोंदवलंय. जागा बदलली तरी येते, म्हणजे एका पिंजऱ्यात भीती घालवली आणि उंदराला दुसऱ्या पिंजऱ्यात नेऊन आवाज ऐकवला की साहेब पुन्हा गोठले. मार्क बाउटन यांनी यावर आयुष्य घातलं. भीती सगळीकडं लागू होते आणि धीर मात्र जिथं कमावला तिथंच चालतो, हा निसर्गाचा व्यवहार मला कायम अन्यायाचा वाटत आलाय. पण जिवंत राहायच्या दृष्टीनं बरोबर आहे, एकदा वाघ न दिसल्यानं वाघ संपलेत असं होत नाही.

आणि तिसरं म्हणजे एक छोटा नवीन झटका बसला तरी जुनं सगळं उठतं. सांगलीचा हिशोब बघा की, २००५, मग २०१९, मग परत २०२१. मधली चौदा वर्षं कमावलेला धीर २०१९ नं मोडला आणि तो परत जमायच्या आत २०२१ आलं. आता पातळी ४० फुटांवर गेली की, धोक्याच्या ४५ फुटांना अवकाश असला तरी, लोक गाड्या विश्रामबागच्या बाजूला नेऊन लावतात. शहाणपण पण आहे त्यात, सगळीच भीती आजार नसते. साताऱ्याच्या पाटणकडं हेच भूकंपाचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोठा धक्का बसला, आणि त्या भागात अजून बारीक बारीक धक्के येत असतात. भांडी वाजली की म्हाताऱ्या माणसांचा पाय दाराकडं वळतो. अधूनमधून आठवण करून देणारा झटका असल्यावर एक्स्टिंक्शन होणार कधी?

मग ती कायमची पुसता येतच नाही का?

उंदरात येते, निदान लॅबमध्ये. २००० साली करीम नादेर, शेफ आणि लेडू यांनी दाखवलं की जुनी भीती आठवून दिली की ती काही तास पुन्हा कच्ची होते, तेव्हा अमिग्डलात प्रोटीन बनणं थांबवलं तर ती परत पक्की होत नाही. तोपर्यंत बहुतेकांचा समज होता की एकदा पक्की झाली की झाली. २००९ मध्ये टोरांटोच्या शीना जोसेलिन यांच्या टीमनं उंदराच्या अमिग्डलातल्या नेमक्या त्या आठवणीच्या पेशी मारल्या आणि ती भीती गेली. एमआयटीत टोनेगावा यांच्या लॅबनं २०१२ मध्ये नुसत्या प्रकाशानं पेशी पेटवून उंदराला सुरक्षित डब्यात जुन्या भीतीनं गोठवलं, आणि पुढच्या वर्षी चुकीच्या जागेची खोटी भीतीही घालून दाखवली.

माणसांत २००९ आणि २०१० मध्ये असे प्रयोग झाले, एकात प्रोप्रॅनोलॉल वापरून, एकात आठवण जागी करून लगेच एक्स्टिंक्शन करून, आणि सुरुवातीचे निकाल भारी होते, पण नंतर इतरांनी करून बघितल्यावर कधी जमलं कधी नाही. त्यामुळं एका सिटिंगमध्ये भीती डिलीट करून देतो म्हणणारा भेटला तर पैसे खिशात ठेवा.

मला तर ते सगळं जसंच्या तसं डोळ्यासमोर दिसतं. म्हणजे ते तसंच घडलं ना?

मुख्य गोष्ट बहुतेक खरी असते, बारकाव्यांवर पैज लावू नका. जानेवारी १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठं, कोणाकडून कळली ते लिहून घेतलं आणि अडीचेक वर्षांनी परत विचारलं. बऱ्याच जणांची गोष्ट पार बदलली होती आणि आत्मविश्वास मात्र तसाच. काकूंचे दोघं भाऊ पाणी सातव्या पायरीपर्यंत आलं होतं का नवव्या, यावर दरवर्षी वाद घालतात. भिंतीवर खूण होती, ती रंगकामात गेली.

सापाची भीती जन्मजात असते का?

तयारी जन्मजात, भीती शिकलेली, असं म्हणता येईल. सुझन मिनेका यांनी १९८० च्या दशकात माकडांवर काम केलं. लॅबमध्ये वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती, पण घाबरणारं माकड बघितल्यावर थोड्याच वेळात घाबरायला लागली. गंमत म्हणजे व्हिडिओ असा जोडला की माकड फुलाला घाबरतंय असं दिसावं, तर ती फुलाला काही घाबरली नाहीत. आणि ज्यांनी आधी सापाजवळ निवांत असलेली माकडं बघितली होती, त्यांच्यात नंतर भीती सहजी उतरली नाही.

हे वाचलं की मला आपलं बत्तीस शिराळा आठवतं. नागपंचमीला जिवंत नाग हाताळायची तिथली जुनी रीत, पुढं कोर्टानं त्यावर निर्बंध आणले ते वेगळं, पण मोठी माणसं नागाजवळ शांत बसलेली बघत जी पोरं वाढली त्यांना आणि माझ्यासारख्या गांडुळाला दचकणाऱ्याला एकच माप लावता येणार नाही. तिथं असा अभ्यास कोणी केलाय म्हणून सांगत नाहीये, माकडांवरून मला आपलं वाटतं. आणि नागाला भ्यावंच, विष कोण भक्त आणि कोण नाही ते बघत नाही.

आमची भीती पोरांत उतरते का?

बघून उतरते, वर माकडांचं सांगितलंच. उंदरांत वासाची भीती पुढच्या पिढीत दिसल्याचा २०१३ चा एक पेपर आहे, त्यावर वाद आहेत, माणसांवर तो लावू नका.

तो अमिग्डलाच नसता तर बरं झालं असतं की!

एस एम नावानं ओळखली जाणारी एक बाई आहे, दुर्मिळ आजारानं तिचे दोन्ही अमिग्डला गेलेत. साप, कोळी, भुताटकीचं घर, कशालाच घाबरत नाही, आणि त्यामुळंच आयुष्यात धोक्याच्या प्रसंगांत पुन्हा पुन्हा सापडलीय. पण २०१३ मध्ये तिला कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा हुंगायला दिली तेव्हा ती चक्क पॅनिक झाली. म्हणजे गुदमरण्याची भीती अमिग्डलाशिवाय पण होते.

दृष्ट काढली, अंगारा लावला तर चालतं का?

आजीनं मीठमोहऱ्या ओवाळल्यानं पोराला बरं वाटत असेल तर ओवाळू दे, कोणीतरी आपली काळजी घेतंय हे कळणं पण औषधच आहे. पण तेवढ्यावर थांबून महिने घालवू नका आणि बाहेरच्या कोणाला पैसे तर अजिबात देऊ नका.

मग करायचं काय?

जिथं धोका नाही तिथं हळूहळू सामोरं जायचं, आणि वर सांगितलं त्या कारणानं एकाच जागी नाही. पाण्याचा धसका असेल तर उन्हाळ्यात घाटावर, मग पावसाळ्याच्या सुरुवातीला, दिवसा, संध्याकाळी, सोबत घेऊन, मग एकटं, असं जागा आणि वेळ बदलत. भीती चढली की लगेच पळून यायचं नाही, उतरेपर्यंत थांबायचं, कारण पळून आलं की अमिग्डला शिकतो "पळालो म्हणून वाचलो". नदी चढलेली असताना हे करायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

महिना उलटून गेला तरी तेच प्रसंग डोळ्यासमोर येतायत, झोप नाही, सारखं दचकणं, त्या जागा टाळणं चाललंय, तर तो पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मनाचा आजार, असू शकतो, सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखवा. मिरजेत आयुष्यभर गुडघ्यापासून हृदयापर्यंत सगळं दाखवायला जातो आपण, मनाचं दाखवायलाच तेवढी लाज. ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलत नेणारा बोलण्यातला उपचार) आणि ईएमडीआर (डोळे इकडून तिकडं फिरवत ती आठवण हाताळायचा उपचार) या दोन्हींची शिफारस डब्ल्यूएचओनं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं केलीय. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.

झोपेच्या गोळ्या किंवा दोन पेग घेऊन भागवलं तर?

पेगचं नावच काढू नका, पहाटे झोप मोडते आणि भीती जास्त वाढते. अल्प्राझोलामसारख्या मन शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळ्यांबद्दल २०१३ च्या डब्ल्यूएचओच्या सूचनांत स्पष्ट आहे, मोठ्या आघातानंतर पहिल्या महिन्यात ताण कमी करायला त्या देऊ नयेत. सवय लागते ते एक, आणि भीती कमी करायचं शिक्षण जागं असताना, थोडी भीती वाटत असतानाच होतं, ते गोळीनं बधिर केल्यावर होणार कसं. आधीपासून चालू असतील तर मात्र आपल्या मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू कमी करा, एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते.